देवमाशांची साद आणि जहाजांचा गोंगाट

समुद्राच्या पोटात शांतता नांदते, ही समजूत रहिमतपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या गावांत स्वाभाविक असली, तरी ती खरी नाही. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर अंतर कापतो. विहिरीत बुडी मारलेल्याला आवाज ऐकू येतो, पण तो कोणत्या बाजूचा हे उमगत नाही, ते मुख्यतः या वेगामुळेच. उलट प्रकाश दोनशे मीटरखाली जेमतेम पोचतो, त्यामुळे देवमासा, जो नावापुरताच मासा असून फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे, आपला जोडीदार आणि पिल्लू प्रामुख्याने कानांनी शोधतो.

संकटग्रस्त देवमासे दूरच्या थंड समुद्रांतच असतात, हेही खरे नाही. अरबी समुद्रातील हंपबॅक, म्हणजे पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेले देवमासे, इतरत्रच्या भाईबंदांप्रमाणे ध्रुवाकडे स्थलांतर न करता वर्षभर याच समुद्रात राहतात. २००८ मध्ये त्यांची नोंद जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून झाली. ओमानच्या किनाऱ्यावरील त्यांची संख्या छायाचित्रांच्या आधारे सुमारे ८२ असावी, असा अंदाज निघाला होता. 'लुबान' नावाची मादी २०१७ च्या अखेरीस ओमानहून समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी आल्याचे उपग्रहाने टिपले, आणि गोव्याजवळच्या पाण्यात नरांची गाणीही ध्वनिमुद्रित झाली आहेत.

कान बधिर करणारा स्फोटच घातक, साध्या मालवाहू जहाजाने काय बिघडते, हा समज सर्वांत चिवट आहे. जहाजाच्या फिरत्या पंख्याभोवती पाण्याचा दाब घटून असंख्य बुडबुडे उठतात व फुटतात, आणि त्यातून निघणारी खोल घरघर मोठ्या देवमाशांच्या सादेच्या स्वरपट्ट्यातच येते. परिणामी साद ऐकू न येता गोंगाटात झाकली जाते. याला ध्वनी-आच्छादन म्हणतात. हा गोंगाट ६ डेसिबलने वाढला, तर खोल मोकळ्या पाण्यात साद पोचण्याचे अंतर साधारण निम्मे होते. जिथे एकेक जोडीदार कित्येक मैलांवर आहे, तिथे हे अंतर घटणे म्हणजे भेटच टळणे होय.

देवमासे आवाज चढवून मार्ग काढतील, असेही म्हटले जाते. राइट व्हेल जातीचे देवमासे तसे करतातही, परंतु त्याला मर्यादा असते आणि शरीरावर ताण पडतो तो वेगळाच. सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कॅनडालगतच्या फंडीच्या उपसागरात जहाजे कमी झाली आणि पाण्यातील गोंगाट ६ डेसिबलने उतरला, तेव्हा तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेतील ताणसूचक संप्रेरकांचे प्रमाणही घटलेले आढळले.