भंगारात देण्याआधी रेल्वेचं जुनं लोखंड ओळखा

नालवाडी (जि. वर्धा) : शेताच्या कुंपणाला, गोठ्याच्या खांबाला किंवा जुन्या घराच्या तुळईला रुळाचा तुकडा लावलेला आपल्याकडे नवीन नाही. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या हाती असा तुकडा आला, की पहिला प्रश्न असतो, हा कुठल्या काळातला? उत्तर बहुतेक वेळा त्याच लोखंडावर असतं.

अक्षरं वाचा : रुळाच्या उभ्या बाजूवर कारखान्याचं नाव, वजनाचा आकडा आणि साल उठवलेलं असतं. गंज कोरड्या ब्रशने झाडा, वर खडू फिरवा, अक्षरं दिसतात. ग्राइंडर किंवा अ‍ॅसिड लावू नका. त्यात पुरावाच जातो. 'टाटा' असेल तर तुकडा 1912 नंतरचा, कारण त्यांचं पोलाद तेव्हापासून निघू लागलं. मात्र साल रूळ बनवल्याचं असतं, टाकल्याचं नाही.

वजन करा : अक्षरं पुसली असतील तर एक फूट तुकड्याचं वजन पाहा. साडेतेरा किलोच्या आसपास भरलं तर तो 90 पौंडी, म्हणजे मोठ्या लाइनचा. साडेचार किलोच असेल तर 30 पौंडी, म्हणजे छोट्या गाडीसारख्या हलक्या लाइनचा.

'जीआयपी'ने फसू नका : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली आणि 1951 मध्ये मध्य रेल्वेत गेली. म्हणून ही अक्षरं असलेली वस्तू साधारण 1951 च्या आधीची. पण पुलगाव-आर्वी ही छोटी लाइनही हीच कंपनी चालवायची. त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून लाइन ठरत नाही. शिवाय हीच अक्षरं पाडलेले नवे पितळी कंदील अन् बिल्ले बाजारात 'जुने' म्हणून विकले जातात. ठसा अगदी कोरा अन् झीज कुठेच नाही, तर संशय घ्या.

कायदा लक्षात ठेवा : लाइनशेजारी पडलेली फिशप्लेट किंवा खिळा बेवारस दिसला तरी उचलू नका. चोरीच्या संशयातली रेल्वेची मालमत्ता जवळ सापडली अन् ती रीतसर मिळाल्याचं दाखवता आलं नाही, तर 1966 च्या कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिलावातून घेतलेल्या मालाची पावती जपून ठेवा. लाइनवर काही दिसलं तर फोटो काढा आणि स्टेशनवर किंवा आरपीएफला कळवा.

घरातला जुना तुकडा विकण्याआधी अक्षरांचा फोटो काढा, वस्तू कुठून आली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. जुन्या छोट्या गाडीचं सामान प्रत्यक्ष पाहायचं असेल तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे. भंगारात लोखंडाचा किलोवर भाव मिळतो, त्यावरच्या सालाचा नाही.