पेट्रोल ओढतं कोण?

खोपोली सोडून पद्मिनी बोरघाट चढू लागते. एप्रिलची दुपार, आत पाच माणसं, टपावर सामान. दुसऱ्या गिअरमध्ये दोन-चार वळणं निघतात आणि गाडी आचके द्यायला लागते. ॲक्सिलरेटर दाबावा तर आणखीच दम सोडते. कडेला घेईपर्यंत बंद! बोनेट उघडून बघा : काही तुटलेलं नाही, काही गळत नाही. मंडळी उतरतात, थर्मासातला चहा होतो, आणि अर्ध्या-पाऊण तासानं, कोणी एक स्क्रूही फिरवलेला नसताना, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते.

मोडलेलं काही आपोआप जुळून आल्याचं तुम्ही कधी पाहिलंय? मग ही गाडी नुसत्या वाट बघण्यानं बरी कशी होते? आणि बरी होते तर पुढच्या चढाला पुन्हा का रुसते?

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी. १९७४ पासून ‘पद्मिनी’, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी लोकांनी जपलेल्या मात्र अजून बऱ्याच आहेत, आणि त्यांच्या मालकांना हा रुसवा चांगला ठाऊक आहे. त्याचं कोडं उलगडायचं तर आधी एक बाळबोध प्रश्न विचारायला हवा. पेट्रोलची टाकी मागे, डिकीपाशी. इंजिन पुढे. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या बारीक नळीतून पेट्रोल पुढे आणतं कोण?

पंप ओढतो, असंच कुणीही म्हणेल. पण गंमत अशी, की पंप पेट्रोलला हातही लावत नाही! शहाळ्यात नळी घालून पाणी प्यायलात तेव्हा तुम्ही तरी पाणी कुठे ओढलंत? तुम्ही नळीतली हवा काढून घेतलीत, एवढंच. शहाळ्यातल्या पाण्यावर बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच्या वजनानं सतत रेलून बसलेली असते. समोर जागा रिकामी होताच तीच पाण्याला वर ढकलते. पद्मिनीतही हेच. डोक्यावरचं अख्खं वातावरण टाकीतल्या पेट्रोलवर दाब देत असतं. पंप फक्त पुढची जागा मोकळी करून देतो.

फोर्डच्या मॉडेल-टीला तर पंपच नव्हता. टाकी सीटखाली, पेट्रोल उताराच्या ओढीनं इंजिनाकडे जायचं. तीव्र चढावर टाकी इंजिनापेक्षा खाली जायची, आणि मग लोक बिनदिक्कत रिव्हर्समध्ये डोंगर चढायचे.

आपला पंप मुठीत मावेल एवढा. इंजिनाच्या अंगालाच बसवलेला, आत कापडी-रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम. कॅमशाफ्टवरचा उंचवटा एका दांडीला ढोसतो, पडदा खाली जातो, जागा होते, पेट्रोल येतं. मग एक स्प्रिंग पडद्याला वर लोटते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर हे सेकंदाला २५ वेळा घडतं. आणि कार्ब्युरेटरची वाटी भरली की? वाटीतला फ्लोट वर येतो, त्याच्यावरची सुई पेट्रोलचं दार बंद करते. आता स्प्रिंगला पुढे लोटायला वाव नाही. पडदा खालीच थांबतो, दांडी नुसती फुकट हलत राहते. ना सेन्सर, ना वायर, तरी पंपाला ‘पुरे’ म्हटलेलं समजतं!

या वाटीवर जरा रेंगाळू या, कारण सगळ्या फसवणुकीचं मूळ तीच आहे. ताशी ६० च्या वेगानं लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी सेकंदाला जेमतेम दीड मिलिलिटर पेट्रोल पिते. वाटीत ५० मिलिलिटर आहे असं धरा. मागून पुरवठा पूर्ण तुटला तरी गाडी सहाशे मीटर जाईल! म्हणजे गाडी जिथे बंद पडली तिथे बिघाड झालेलाच नाही; तो मागच्या वळणाआधी केव्हातरी झाला. आपण मात्र बंद पडलेल्या जागी उभे राहून ‘आत्ता काय झालं’ ते शोधत बसतो.

आता पुन्हा शहाळं हातात घ्या. नळीभोवतीची फट बोटांनी गच्च दाबा आणि ओढा. दोन घोट येतील, मग पाणी हटणार नाही, कारण वरून ढकलायला हवाच आत येत नाही. टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं, ते नेमकं यासाठी. धूळ-मातीनं ते बुजलं की पेट्रोल जसजसं कमी होतं तसतशी टाकीत पोकळी वाढत जाते, आणि एका क्षणी पंप हरतो. गाडी थांबते. मग कुठून तरी हळूहळू हवा झिरपते, आणि गाडी ‘बरी’! तपासणी फुकटची : बंद पडल्या पडल्या झाकण उघडा आणि कान द्या. ‘सूंऽऽ’ करून हवा आत गेली, तर चोर सापडला. मौज म्हणजे हा बिघाड टाकी काठोकाठ भरल्यावर लवकर येतो. वर हवेची जागा थोडी, त्यामुळे पोकळी झपाट्यानं वाढते. मालक अर्थातच पेट्रोल भरून देणाऱ्याला भेसळखोर ठरवून मोकळा होतो.

उलट, टाकी निम्म्यावर आली की त्रास सुरू होत असेल तर संशय टाकीतल्या नळीवर घ्यावा. तिला वरच्या अंगाला चीर असेल तर पेट्रोल चिरेच्या खाली उतरताच ती पेट्रोलऐवजी हवा प्यायला लागते. अशा चिरेतून थेंबही गळत नाही. दाब बाहेरून आत असल्यामुळे पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग शोधणाऱ्याला ती कशी सापडणार?

आणि शहाळ्यातली मलई नळीच्या तोंडाशी अडकते ना? टाकीतला गंजाचा पापुद्रा, एखादं पान, कागदाचा कपटा तेच करतो. इंजिन बंद झालं की ओढ संपते, कचरा सुटून तळाला जातो. मिस्त्री येतो तेव्हा नळी स्वच्छ!

पण घाटातला खरा नायक वेगळाच. पाणी १०० अंशांना उकळतं, हे आपण शाळेत शिकलो. पेट्रोल किती अंशांना? याला एक उत्तरच नाही, कारण पेट्रोल म्हणजे शेकडो द्रवांची मिसळण. त्यातले सगळ्यात हलके घटक तिशी-पस्तिशीतच उडू लागतात. जड घटक दोनशेपर्यंत दम धरतात. म्हणजे एप्रिलच्या दुपारी खोपोलीत पेट्रोल उकळण्याच्या उंबरठ्यावरच उभं असतं. त्यात चढाला इंजिन तापलेलं, वेग कमी म्हणून वारा नाही, आणि पंप थेट तापल्या इंजिनाला चिकटलेला. त्याहून कमाल पुढे आहे : पंप जागा करतो म्हणजे नळीतला दाब कमी करतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. पेट्रोल आणण्याची धडपडच पेट्रोलला उकळवते!

एकदा नळीत वाफेचा बुडबुडा धरला की पंपाची फजिती बघावी. पडदा खाली गेला, बुडबुडा ताणला. वर आला, बुडबुडा आवळला. सेकंदाला पंचवीस वेळा इमानेइतबारे काम चाललंय आणि पेट्रोल तसूभर सरकत नाही. यालाच मिस्त्री ‘एअर धरली’ म्हणतात. खरं तर ती हवा नसते, पेट्रोलचीच वाफ असते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे. पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं, पंप निवतो, बुडबुड्याचं पुन्हा पेट्रोल होतं. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबवण्याची पद्धत आहे. नारळ फुटून प्रसाद वाटेपर्यंत पंपही निवत असणार. पुण्य पदरात पडायचं ते वेगळंच. हल्लीच्या गाड्यांत पंप टाकीच्या आतच बसवतात, म्हणजे तो पेट्रोलला मागून रेटतो. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही.

जुन्या गाडीला आता आणखी एक पाहुणा झेपवावा लागतो, तो म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमधला हेक्झेन ६९ अंशांना उकळतो, इथेनॉल ७८ ला. दोघं मिसळले तर? मधेच कुठेतरी, असं वाटेल. पण योग्य प्रमाणात जमले की ते ५९ लाच उकळतात, दोघांपेक्षाही आधी! शिवाय इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. मग पाइपाच्या आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो आणि ओढ लागली की वाट अडवतो. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो. जुनं रबर बदलून टाकणं हाच त्यावर शहाणपणा.

एवढी सगळी चौकशी करण्याआधी मात्र अर्ध्या मिनिटाचं एक काम करावं. इंजिन बंद, सिगारेट लांब, अग्निशामक हाताशी. एअर क्लीनरचं झाकण काढून कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटलची दांडी हातानं झटकन फिरवा. पेट्रोलची बारीक, स्वच्छ पिचकारी उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे आणि वरची सगळी मंडळी निर्दोष आहेत. मग वळा इग्निशनकडे. तापल्यावर दगा देणारी आणि निवल्यावर शहाण्यासारखी वागणारी कॉइल, किंवा डिस्ट्रिब्युटरला लटकलेला अंगठ्याएवढा कंडेन्सर, हे पेट्रोल संपल्याची हुबेहूब नक्कल करतात. फरक मरण्याच्या तऱ्हेत असतो. पेट्रोल तुटलं तर गाडी बहुधा आचके देत, दम सोडत थांबते. ठिणगी तुटली तर बटण बंद केल्यासारखी, एकदम. कंडेन्सर अगदी स्वस्तातला. पिचकारी उडत असेल तर टाकी उतरवायला निघालेल्या मिस्त्रीला थांबवा आणि आधी तो बदलून बघा.