सॅम विडोसनचं शिनगार्ड

शालेय फुटबॉल स्पर्धेत सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघ रांगेत उभे राहतात आणि पंच एकेकाच्या पायाशी वाकतात. बुटांचे स्टड चाचपतात, मग मोज्यावरूनच नडगीवर बोटांनी टकटक करतात. आतून कडक आवाज आला की पुढचा मुलगा. अक्कलकुव्याची आश्रमशाळा असो की कोल्हापूरची तालीम, नियम एकच आहे: शिनगार्ड नसेल तर मैदानात पाऊल टाकता येत नाही.

गरीब शाळांच्या संघांत पोरं पुरेशी असतात, पण शिनगार्डच्या जोड्या तेवढ्या असतातच असं नाही. मग बदली खेळाडू आत जायच्या वेळी बाहेर येणारा मुलगा रेषेवरच बसकण मारतो, मोजे खाली ओढतो आणि घामाने ओल्या झालेल्या दोन पट्ट्या काढून त्याच्या हातात देतो. तेवढंही नसेल तर वहीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून मोज्यात सरकवले जातात. ही पोरं नकळत या वस्तूच्या मूळ शोधकर्त्याच्याच वाटेने चाललेली असतात. त्यानेही हाताशी होतं तेच कापलं होतं.

त्याचं नाव सॅम वेलर विडोसन. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळ 1851 साली जन्मलेला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीतल्या सॅम वेलर या पात्रावरून आईबापांनी त्याचं नाव ठेवलं होतं. तो नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबकडून आघाडीला खेळायचा, आणि क्रिकेटही खेळायचा. नॉटिंगहॅमशायर काउंटीच्या संघापर्यंत त्याची मजल गेली होती. त्याच्या शोधाचं मूळ या दोन खेळांच्या संगतीत आहे. क्रिकेटमध्ये वेगाने येणारा चेंडू पायावर बसतो म्हणून फलंदाज पॅड बांधतो. फुटबॉलमध्ये समोरच्याचा जड चामडी बूट त्याच नडगीवर बसतो, आणि तिथे मात्र फक्त मोजा. विडोसनने 1874 साली क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि चामडी पट्ट्यांनी मोज्यांवर, बाहेरच्या बाजूने बांधले. लोक आधी हसले, असं सांगतात. लवकरच तेही तसेच पॅड बांधू लागले.

नडगीच का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पोटरीला मागून मांसाची जाड गादी आहे. पुढच्या बाजूला मात्र कातडीखाली लगेच हाड, मध्ये काहीच नाही. त्या हाडावरच्या पातळ आवरणात वेदना पोहोचवणाऱ्या नसांचं जाळं असतं. खाटेच्या पायावर नडगी आपटल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते यामुळेच. शिवाय हे मोठं हाड मोडलं तर जुळायला महिने लागतात.

आणि त्या काळचं फुटबॉल म्हणजे आजचं नव्हे. विरोधकाच्या नडगीवर मुद्दाम लाथ मारणं, ज्याला तिकडे ‘हॅकिंग’ म्हणत, हा अनेकांना पुरुषार्थ वाटायचा. 1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनचे नियम ठरत होते तेव्हा हॅकिंगवर बंदी येतेय म्हणून ब्लॅकहीथ हा क्लब रागाने बाहेर पडला. पुढे तो रग्बीच्या मार्गाला लागला. कागदावर बंदी आली तरी पायांची सवय कुठे एका रात्रीत जाते? विडोसन खेळत होता तो काळ हा. नियमाने जे थांबत नव्हतं त्यावर त्याने स्वतःच्या पायापुरता उपाय काढला, आणि तो सगळ्यांच्या कामी आला.

फॉरेस्टची स्थापना 1865 ची. ती शिंटी खेळणाऱ्या मंडळींनी केली होती. शिंटी हा हॉकीसारखा काठ्यांचा खेळ, म्हणजे नडगीवरच्या माराची ओळख या क्लबला जन्मापासूनच होती. विडोसन या संघाचा कर्णधार झाला आणि 1879 ते 1884 या काळात क्लबचा अध्यक्षही होता. 1880 साली तो इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध एकमेव आंतरराष्ट्रीय सामना खेळला. ग्लासगोत इंग्लंडने तो 5–4 असा गमावला. गोल, कप, आकडे हे सगळं जुन्या पुस्तकांत राहिलं. त्याचं शिनगार्ड मात्र जगभरच्या पायांवर आहे. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की पुढे ज्याच्याकडे क्लबचा कारभार आला तो स्वतः लाथा खाल्लेला खेळाडू होता. मैदानात काय दुखतं हे त्याला विचारून घ्यावं लागलं नाही.

पुढची कथा साहित्याची आहे. बाहेर बांधलेले पॅड जड आणि ओबडधोबड होते, पावसात आणखी फुगायचे. हळूहळू ते छोटे होऊन मोज्याच्या आत गेले. आज बाजारात मिळतं ते बहुधा प्लॅस्टिकचं कवच आणि आतून फोमचा थर असं असतं. दोघांची कामं वेगळी. बुटाच्या टोकाचा मार एका बिंदूवर बसतो. कवच तो मार मोठ्या भागावर पसरवतं. फोम दबतो, त्यामुळे धक्का एका क्षणात न बसता किंचित लांबतो आणि हाडावरचा जोर उतरतो. पुठ्ठ्याने पंचांचं समाधान कदाचित होईल, पण यातलं काहीच होत नाही, कारण पुठ्ठा घामाने अर्ध्या तासात मऊ पडतो. चांगलं शिनगार्डही सगळं काही वाचवत नाही. घोटा उघडाच राहतो, आणि पूर्ण जोराने बसलेल्या लाथेने हाड मोडू शकतं. पण रोजचा मार, सूज, फुटलेली कातडी यांतून ते नक्की वाचवतं, आणि मुख्य म्हणजे पोरगं चेंडूवर बिनधास्त पाय घालतं.

आपल्याकडे ही वस्तू उशिरा रुजली, कारण बुटांशीच आपली ओळख उशिरा झाली. 1911 साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला 2–1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा सुधीर चॅटर्जी सोडले तर सगळे अनवाणी होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी भिडले आणि 2–1 ने थोडक्यात हरले. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने 10–1 ने धुव्वा उडवला, त्यानंतर बूट सक्तीचे झाले. अनवाणी खेळण्याचं आपण फार कौतुक केलं आहे. त्या खेळाडूंचं कर्तृत्व मोठंच होतं. पण उघड्या पायांनी झेललेल्या मारालाच शौर्य मानायचं, हे मला पटत नाही.

जगभरात शिनगार्ड सक्तीचं झालं ते 1990 साली, विडोसनच्या मृत्यूनंतर साठहून अधिक वर्षांनी. नियमात मापं दिलेली नाहीत. योग्य साहित्याचं असावं, पुरेसं संरक्षण द्यावं आणि मोज्याने झाकलेलं असावं, एवढंच. अलीकडे नामांकित खेळाडू तळहाताएवढी इवलीशी शिनगार्ड घालून मोजे खाली सोडून फिरतात, आणि पोरं त्यांचं अनुकरण करतात. 2024 च्या सुधारणेत शिनगार्डचा आकार आणि उपयुक्तता ही खेळाडूची स्वतःची जबाबदारी असल्याचं स्पष्ट केलं आहे. मोठ्या, कमावत्या खेळाडूसाठी हे ठीक. नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगीच्या तेरा वर्षांच्या मुलीवर ती जबाबदारी टाकता येणार नाही.

15 सप्टेंबर 2017 रोजी, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभर दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला आणि शाळाशाळांत चेंडू पोहोचले. चेंडू हवाच. पण नंदुरबार जिल्ह्याचा विचार करताना मला चेंडूपाठोपाठ पाय दिसतात. इथल्या डोंगरातल्या पोरांच्या पायांत दम आहे. सातपुड्याच्या चढउतारावर रोज चालणाऱ्यांना वेगळं तयार करावं लागत नाही. मात्र धडगावच्या आतल्या पाड्यावरच्या मुलाचा पाय मोडला, तर एक्स-रे आणि प्लास्टरसाठी घाट उतरावा लागतो. दिवाळीनंतर अनेक घरांतले आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात. प्लास्टरमधल्या पोराला शौचाला कोण नेणार, हा प्रश्न वसतिगृहातल्या मित्रांवर येतो. शहरातल्या मुलाला जी दुखापत चार आठवड्यांची सुट्टी देते, ती इथे शाळा सोडण्याचं निमित्त होऊ शकते.

म्हणून नंदुरबार आणि तळोदा या दोन्ही आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या आणि शाळांच्या क्रीडासाहित्याच्या यादीत चेंडू आणि जाळीच्या बरोबरीने शिनगार्ड हवीत. संघाला अकरा जोड्या पुरत नाहीत. राखीव खेळाडूंसकट प्रत्येकाला आपली जोडी हवी, नाहीतर ओल्या पट्ट्यांची अदलाबदल होते आणि त्यातून खरूज-नायटाही पसरतो. मापं तीन घ्यावीत, कारण पाचवीतल्या आणि दहावीतल्या मुलाची नडगी सारखी नसते. घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खाली चार बोटांपर्यंत पोहोचेल ते माप बरोबर. सामना झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावीत. कवचाला तडा गेला असेल तर ते बाद करावं, त्यावर चिकटपट्टी लावून चालवू नये. आणि क्रीडाशिक्षकांनी टकटक सामन्याच्या दिवसापुरती न ठेवता सरावाच्या वेळीही करावी. मार तिथेही बसतो, आणि तिथे पंच नसतात.