पंपातली पुडी आणि दवाखान्यातले इंजेक्शन

पऱ्हाटीच्या पानावर काळपट, कोनेदार ठिपके दिसले की कृषी केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लीनची सहा ग्रॅमची पुडी येते आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत पंपात पडते. यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशीवाल्या घरांना ती ओळखीची आहे. तिच्यात काय असते, असे आम्ही आरोग्य शिबिरात विचारतो, तेव्हा बहुतेक जण सांगतात, "बुरशीचं औषध."

ते बुरशीचे औषध नाही. पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन आणि एक भाग टेट्रासायक्लीन असते. दोन्ही माणसांची औषधे. क्षयाच्या वॉर्डात स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने आम्ही आमच्या हाताने दिलेली आहेत. क्षयावर लागू पडलेले हे पहिले प्रतिजैविक. 1943 साली अमेरिकेत मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळाले. तळघरातल्या प्रयोगशाळेत राबला अल्बर्ट शॅट्झ हा विद्यार्थी; 1952 चे नोबेल मिळाले त्याचे गुरू वाक्समन यांना. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हे आपल्याला नवे नाही.

ही औषधे जंतूला मारतात कशी? जिवाणूला जगायला प्रथिने लागतात. स्ट्रेप्टोमायसीन ती बनवणाऱ्या यंत्रणेलाच चिकटते, मग प्रथिने चुकीची बनतात आणि जिवाणू मरतो. टेट्रासायक्लीन त्याच यंत्रणेपर्यंत कच्चा माल पोहोचू देत नाही. पेनिसिलीन जिवाणूभोवतीची भिंत बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसते, म्हणून तो मार आपल्या पेशींना बसत नाही. विषाणूकडे ना ही भिंत, ना ही यंत्रणा. म्हणून सर्दीवर प्रतिजैविकाची गोळी फुकट जाते. तसेच शेतात: लाल्या हा जिवाणूचा रोग नाही, त्यावर ही पुडी मारली तर पैसे मातीत.

पैसे गेले तर एक वेळ चालेल. फवाऱ्यात सगळे जिवाणू मरत नाहीत, ही खरी अडचण आहे. जे तगतात ते मातीत, पाण्यात राहतात, आणि तगण्याची युक्ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. क्षयाचे जंतू अशी देवाणघेवाण करत नाहीत. ते हट्टी होतात ते मुख्यतः अर्धवट सोडलेल्या गोळ्यांमुळे, त्याचा दोष फवाऱ्यावर टाकू नये. पटकीचे जंतू मात्र करतात. 2022 च्या पावसाळ्यात शेजारी मेळघाटात पटकीची साथ आली होती. पटकीवर दिले जाणारे डॉक्सिसायक्लीन हे टेट्रासायक्लीनच्याच घरातले. ते चालेनासे झाले तर आधी कोण मरेल? नाल्याचे पाणी पिणारा.

मेडिकलमध्ये या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, निदान कागदावर तरी. कृषी केंद्रात कोणी चिठ्ठी मागत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये या दोन्हींचा शेतीतला वापर थांबवण्यासाठी मसुदा आदेश काढला होता.

आता घरातले. गाईच्या कासेला दगडी झाली की प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात. त्या दुधाला दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जिवाणूही त्यात मरतात. औषधाच्या बाटलीवर जितके दिवस लिहिलेले असतील, तितके दिवस ते दूध डेअरीत घालू नका, लेकराला पाजू नका. लोणच्याचे मीठही जंतूंना रोखते, पण त्यांच्यातले पाणी ओढून. त्याने दवाखान्यातले औषध बोथट होत नाही.

फवारायला जाणाऱ्या बाया-माणसांनी पुडीवरचे नाव वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्यावे. तोंडाला फडके, हातात मोजे हवेतच. स्ट्रेप्टोमायसीन अंगात जास्त गेले तर कानाच्या नसेला इजा करते. फवारणीनंतर ताप, मळमळ, चक्कर आली तर दवाखान्यात जाताना पंपात टाकलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या पुड्या आणि डबे पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरला पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो.