विंचू चावल्यावर मूत्रपिंडावरची ग्रंथी काय करते

मंडळी, वावरमध्ये बोलायचं तर विंचवापासूनच सुरुवात करू. भाताचे भारे उचलताना, सरपण काढताना तो चावतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. चावल्यानंतर पोटात काय होतं, ते सांगतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. तिला अधिवृक्क म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल.

तिच्या गाभ्यातल्या पेशींत ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. रानात एकदम साप दिसला, की तिथवर आलेल्या नसेच्या टोकातून असिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. त्याने पेशीच्या आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं. मग पिशव्या आवरणाला चिकटतात, त्यांचं तोंड बाहेर उघडतं आणि माल रक्तात जातो. छाती धडधडते, पाय पळायला तयार होतात. थोड्या वेळाने दारं मिटतात आणि माणूस शांत होतो.

लाल विंचवाचं विष हे मिटणंच बिघडवतं. नसांमधली सोडियमची दारं ते नीट बंद होऊ देत नाही. नस इशारे देत राहते, पिशव्या रित्या होत राहतात. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, उलट्या होतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. लहान मुलाचं वजन कमी, म्हणून तेवढंच विष त्याला जास्त भारी पडतं.

रायगडमध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले. त्यांनी वापरलं प्राझोसिन, म्हणजे रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी! ग्रंथीतून सुटलेलं रसायन ती परत आत घालत नाही. रक्तवाहिन्यांवर ते जिथे जाऊन बसतं, ती जागा ती अडवते. वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. हे त्यांनी 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं.

आता कोणी विचारेल, कळ फार असेल तर? कळेवर जाऊ नका. घाम, उलटी, गार हातपाय दिसले, की लगेच दवाखाना गाठा. भगताला बोलवायचं तर बोलवा, पण गाडी त्याच्यासाठी थांबवू नका. गोळी घरच्या घरी देऊ नका, रक्तदाब एकदम उतरू शकतो. विंचवावरची लसही आहे. 2011 साली बावस्करांच्याच 70 रुग्णांवरच्या अभ्यासात नुसत्या प्राझोसिनपेक्षा लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेले लवकर बरे झाले.