एका चौकटीत दोन काळ : मुंबईच्या वास्तूंचे छायाचित्रण

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून मंत्रालयाकडे पायी निघालेल्या माणसाच्या डाव्या हातास ओव्हल मैदान लागते. कामाचे कागद बगलेत घेऊन या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांनी क्षणभर थांबून तिकडे पाहिले असेल, कोण जाणे. मैदानापलीकडे, पूर्वेच्या अंगास, उच्च न्यायालय, विद्यापीठाचे ग्रंथालय व त्यावरील राजाबाई मनोरा, दीक्षान्त सभागृह आणि जुने सचिवालय अशी गॉथिक शैलीतील दगडी वास्तूंची ओळ उभी आहे. ही कामे १८७० ते १८८० या दशकात पूर्ण झाली. त्यांच्या समोर, आपण चालत असतो त्या रस्त्याच्या उजव्या कडेस, १९३० नंतर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको शैलीच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारती आहेत. गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवरील बारीक छज्जे, भिंतीवरून धावणाऱ्या आडव्या पट्ट्या ही त्यांची ओळख होय. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने या दोन्ही वास्तुसमूहांचा एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत समावेश केला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उजवीकडील इमारती बांधल्या गेल्या तेव्हा त्याच 'नव्या' होत्या. समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर, कमानी व शिखरांच्या समोर, सपाट गच्च्यांची ही घरे उभी राहिली. आज दोन्ही ओळी 'जुन्या' ठरल्या असून त्यांच्या मागे अधिक उंच मनोरे दिसू लागले आहेत. शहराची ही वाढ एका दृष्टिक्षेपात दाखविण्याचे सामर्थ्य छायाचित्रात आहे; मात्र ते विचारपूर्वक घेतले तरच.

प्रथम उजेडाचा विचार. गॉथिक वास्तूंची मुखे पश्चिमेस असल्यामुळे सकाळी त्या छायेत राहतात. त्यांची नक्षी उठून दिसते ती दुपार कलल्यावर. समोरच्या ओळीचे नेमके उलटे. तेव्हा एकाच फेरीत दोन्ही बाजू टिपू पाहणाऱ्याच्या हाती एक बाजू काळवंडलेली येते. शिवाय जुना दगड गडद आणि नव्या इमारतीचा रंग वा काच उजळ असल्याने, उन्हात एकास न्याय द्यावा तर दुसऱ्यावर अन्याय होतो. पातळ ढगांच्या दिवशी हा विरोध बराच निवळतो. पर्यटकांना निळे आकाश हवे असते. नोंद ठेवणाऱ्यास ढगाळ आकाश अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उंच इमारत चौकटीत बसावी म्हणून कॅमेरा वर उचलला की तिच्या उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींजवळ येतात आणि मनोरा मागे रेलल्यासारखा दिसतो. कॅमेरा पातळीत ठेवून मागे सरकणे, अथवा समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावरून चित्र घेणे, हा त्यावरील साधा उपाय आहे.

परंतु सर्वांत मोठी फसगत होते ती अंतराने, आणि तिचा संबंध केवळ सौंदर्याशी नाही. समजा, ८० मीटर उंचीचा एक जुना मनोरा आहे आणि त्याच्या मागे ४०० मीटरवर १२० मीटर उंचीची नवी इमारत आहे. मनोऱ्यापासून १०० मीटरवर उभे राहून चित्र घेतले, तर नवी इमारत मनोऱ्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी उंचीची दिसेल; बहुधा ती पुढील वास्तूंच्या आड जाईल. तेच चित्र ८०० मीटरवरून घेतले तर दोन्हींची उंची सारखी भरेल. आणखी मागे, दोन किलोमीटरवर गेल्यास नवी इमारत जुन्या मनोऱ्याच्या डोक्यावर बसल्यासारखी भासेल. इमारती त्याच, त्यांची उंची तीच, आणि तीन चित्रांची साक्ष मात्र तीन तऱ्हांची! लोक याचा दोष दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या भिंगाला देतात. वास्तविक भिंग फक्त दृश्याचा लहान भाग मोठा करून दाखविते. दोन इमारतींच्या दिसण्यातील प्रमाण ठरते ते कॅमेरा कोठे उभा आहे यावरून.

मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. वारसावास्तूच्या परिसरात नव्या बांधकामाचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यासोबत छायाचित्रेही येतात. प्रस्तावकाने जवळून घेतलेल्या चित्रात नवी इमारत निरुपद्रवी दिसते, तर विरोधकाने दुरून घेतलेल्या चित्रात ती राक्षसी वाटते. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेला नसतो. म्हणून चित्र कोठून, किती उंचीवरून, कोणत्या दिवशी व वेळी घेतले, याची नोंद त्याच्या मागे नसेल तर पुरावा म्हणून त्याचे मोल फारच थोडे. नागरिक रोज ज्या जागेवरून ती वास्तू पाहतात, ती जागा निवडणे सर्वांत न्याय्य.

या नोंदींचे महत्त्व मुंबईला नवे नाही. येथे छायाचित्रण संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होत. पुढे १८६० नंतर किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या भूमीच्या कडेनेच ओव्हलवरील दगडी वास्तू उठल्या. ज्या दरवाज्यावरून चर्चगेट हे नाव पडले, तो त्याच वेळी नाहीसा झाला. त्या काळातील काही चित्रे राहिली म्हणून त्या तटाचे रूप आज आपणास कळते.

हे काम महानगरापुरते मर्यादित मानण्याचे कारण नाही. अनेक गावांत पडक्या वेशीशेजारी ग्रामपंचायतीची नवी इमारत, जुन्या बारवेलगत पाण्याची टाकी, वाड्याच्या जोत्याला लागून दुकानांचे गाळे उभे आहेत. शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना घेऊन वर्षातून एकदा, त्याच जागेवरून, त्याच वेळी अशी चित्रे घ्यावीत. त्यासाठी हल्लीचा भ्रमणध्वनीही पुरेसा आहे. उभे राहण्याच्या जागी चुन्याची खूण करून ठेवावी, कारण पुढील वर्षी शिक्षक बदलून गेलेले असण्याचा संभव असतो. चित्रात उंचीचा अंदाज यावा म्हणून वास्तूच्या पायाशी एखाद्या मुलास उभे करावे व त्याची उंची नोंदवावी. चित्राची छापील प्रत, मागे दिनांक, वेळ व जागा लिहून, ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी आणि दुसरी प्रत शाळेत राहू द्यावी.