केवळ चालणे पुरेसे आहे काय? अध्वा, चंक्रमण आणि व्यायाम यांचा विचार

मधुमेह, स्थौल्य अथवा रक्तदाबाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास "व्यायाम काय करता?" असे विचारले असता "रोज चालतो ना" हे उत्तर आता ठरून गेल्यासारखे झाले आहे. या उत्तराने रुग्णाचे समाधान होते आणि खरे सांगावयाचे तर वैद्याचेही होते. आम्हीही अनेक वर्षे औषधपत्राच्या तळाशी "रोज ४५ मिनिटे भरभर चालावे" एवढे एक वाक्य लिहून व्यायामाचे प्रकरण मिटवीत आलो. हे वाक्य अपुरे आहे, हे आमच्या ध्यानी आणून दिले ते मढच्या एका रुग्णाने.

मालाडहून मार्वे, आक्सा, एरंगळ करीत येणारा रस्ता जेथे संपतो ते मढ हे मूळचे कोळी बांधवांचे गाव. पुढे खाडीच्या मुखापलीकडे वेसावे, आणि जाण्यायेण्यास होडी. या रस्त्यावर पहाटे फिरावयास निघणाऱ्यांत नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. वय बासष्ट. आठ वर्षे त्यांनी आक्शापर्यंत जाऊन येण्याचा नेम क्वचितच मोडला असेल. वजन स्थिर, रक्तशर्करा आटोक्यात, पचन उत्तम. इतर रुग्णांना आम्ही त्यांचे उदाहरण देत असू. कार्तिक महिन्यात एके दिवशी ओहोटीच्या वेळी वेसाव्याच्या होडीतून धक्क्यावर चढताना त्यांनी एक पाय वरच्या पायरीवर ठेवला. परंतु त्या एका पायावर शरीराचा भार उचलला गेला नाही. तोल जाऊन ते पडले व मनगटाचे हाड मोडले. हात गळ्यात बांधून ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी तर रोज चालतो. मग पायांत जोर का नाही?"

त्यांना खुर्चीवर बसवून, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठावयास सांगितले. त्यास एकोणीस सेकंद लागले. आशियाई लोकांतील मांसक्षयाचा विचार करणाऱ्या तज्ज्ञगटाने २०१९ साली या परीक्षेसाठी १२ सेकंदांची मर्यादा घालून दिली आहे. त्याहून अधिक वेळ लागल्यास स्नायूंच्या कार्यक्षमतेविषयी शंका घ्यावी. पोटऱ्या बऱ्या होत्या, मांड्या मात्र ओसरल्या होत्या. आठ वर्षांत या परीक्षेसाठी लागणारे एक मिनिट आम्ही कधी काढले नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आम्ही प्रथम ग्रंथांकडे वळलो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या, अनागताबाधप्रतिषेध अध्यायात व्यायाम, अध्वा आणि चंक्रमण ही तीन पृथक् प्रकरणे आहेत, ही गोष्ट वाचलेली असूनही आपण व्यवहारात विसरतो. व्यायामाने शरीराचा उपचय, कांती, गात्रांची सुविभक्तता, दीप्ताग्नित्व, स्थिरत्व आणि लाघव प्राप्त होते असे आचार्य सांगतात. अध्वा म्हणजे दूरचे मार्गक्रमण. ते कफ, स्थौल्य व सौकुमार्य यांचा नाश करते, पण वर्णाचाही करते. आणि देहास अतिपीडा न देणारे जे चंक्रमण, ते आयु, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांना जागविणारे आहे. चंक्रमणाची स्तुती कमी नाही. तथापि अंगांचा घाट आणि स्थिरत्व ही फले आचार्यांनी व्यायामाच्याच पदरी घातली आहेत. चरकाचार्यांनीही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना स्थैर्य आणि बलवृद्धी याच दोन गोष्टी पुढे ठेवल्या आहेत. आमच्या रुग्णास अग्नी मिळाला, लाघव मिळाले. स्थैर्य मिळाले नाही.

सुश्रुताचार्यांची प्रमेहचिकित्सा तर याहून बोलकी आहे. निर्धन प्रमेहीने पादत्राण व छत्र न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने वा अधिक चालावे हा उपदेश सर्वांच्या मुखी असतो. चालण्याच्या समर्थनार्थ आम्ही स्वतः तो व्याख्यानांतून सांगितला आहे. परंतु त्याच ठिकाणी विहीर खणण्याचा पर्यायही आहे, आणि वाढलेल्या प्रमेहात व्यायामाबरोबर मल्लयुद्धाचाही उल्लेख आहे. विहीर खणणे म्हणजे कुदळ उचलणे, वाकणे, माती वर काढणे; स्कंध, कटी आणि ऊरू यांचे ते काम. त्यालाच लागून कृश रुग्णाचे मात्र सतत रक्षण करावे अशी सूचनाही आहे. शंभर योजनांचे स्मरण ठेवणारे आपण विहीर आणि कृश हे दोन्ही शब्द सोडून देतो.

आधुनिक संशोधनाकडे पाहिले तर चालण्याची योग्यता निर्विवाद आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक वैद्याने जाणून घ्यावा असा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचे यात सुमारे तीन वर्षे निरीक्षण झाले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह जडला. आहारनियमन आणि रोज अर्धा तास भरभर चालणे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हेच प्रमाण ३९.३ टक्के राहिले. या यशात आहाराचा वाटा आहे हे खरे, तरीही अर्ध्या तासाच्या चालण्यास कोणी क्षुल्लक म्हणू नये. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसचालकांची व वाहकांची तुलना करून, बसून काम करणाऱ्या चालकांत हृद्रोग अधिक असल्याचे दाखविले. हालचालीच्या माहात्म्यासाठी हा दाखला नेहमी दिला जातो. पण ते वाहक दुमजली बसचे जिने दिवसभर चढत-उतरत होते. जिना चढणे आणि सपाट रस्त्यावर चालणे यांत मांडीच्या स्नायूंना फार मोठा फरक जाणवतो. (हल्ली रुग्ण मोबाइलवरील पावलांचा आकडा दाखवितात. दहा हजार पावलांचे हे प्रमाण १९६५ च्या सुमारास जपानात विक्रीस आलेल्या एका पावलेमापक यंत्राच्या नावातून रूढ झाले. ते कोणत्याही संहितेतले नाही आणि मुळात कोणत्याही प्रयोगशाळेतलेही नाही.)

मग चालण्यात उणे काय? येथे आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण फार उपयोगी आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. बीएमआय या नावाने परिचित असलेला वजन व उंचीचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के तर याज्ञिकांचे २१.२ टक्के भरले. दिसावयास सडपातळ, आत मेद अधिक आणि मांस उणे, अशी आपल्याकडील पुष्कळांची शरीररचना असते. अशा देहात मेद घटविणे हे अर्धेच काम होय; मांसधातूची वृद्धी हे उरलेले अर्धे. सपाटीवरील चालण्याने मांडी, पाठ, खांदे व दंड यांच्या मांसधातूस वाढावयास लागणारा भार मिळत नाही, आणि अस्थींनाही फारसा मिळत नाही. वार्धक्यात वाताचे आधिपत्य सुरू झाले की ही उणीव उघडी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच दोन गोष्टी स्वतंत्रपणे मांडल्या आहेत. आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, भरभर चालणे यात बसते. आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बल देणारा व्यायाम. पासष्टीपुढील व्यक्तींसाठी तोल राखण्याचा सराव तीन दिवस सांगितला आहे. भारतीय तज्ज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या सहमतीपत्रात तर रोजचा एक तास विभागून दिला आहे: अर्धा तास चालण्यासारखा श्रम, पाव तास कामाच्या निमित्ताने होणारी हालचाल आणि पाव तास स्नायूंचे बलवर्धन. सुश्रुताचार्यांनी केलेला भेद येथे निराळ्या भाषेत पुन्हा भेटतो, असे आमचे मत आहे.

आता उलट बाजू. मढच्याच वस्तीत मासळीविक्री करणाऱ्या ज्येष्ठ भगिनी आमच्याकडे येतात. पहाटे उठून धक्क्यावर जाणे, डोक्यावर पाटी घेणे, बाजारात तासन्‌तास उकिडवे बसणे, परत येऊन बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालणे, असे आयुष्य त्यांनी काढले. त्यांना स्थौल्य असो वा नसो, कटिशूल आणि जानुसंधीची वेदना ठरलेली. अशा एका मावशींना आमच्या एका तरुण सहकाऱ्याने सवयीने "रोज चालत जा" असा सल्ला दिला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, चालूनच तर गुडघे गेले." चरकाचार्यांनी व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांच्या यादीत भार आणि अध्वा यांनी कर्शित झालेल्यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. भार आणि अध्वा, म्हणजे पाटी आणि पायपीट. तेथे आधी स्नेहन-स्वेदन, विश्रांती, आणि नंतर मांडीच्या स्नायूंस बळ देणाऱ्या सौम्य हालचाली हाच क्रम योग्य ठरतो.

मात्रेचा प्रश्न उरतो. बलार्ध, म्हणजे अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम, हे सूत्र आपल्या सर्वांस ठाऊक आहे. ललाट, नासा, काख व सांध्यांवर स्वेद येणे, मुखास शोष पडणे आणि हृदयस्थ वायू मुखाशी येऊन श्वास तोंडावाटे होऊ लागणे ही त्याची लक्षणे. पण मुंबईच्या दमट हवेत वैशाखात वा आश्विनात उभ्या जागी घाम फुटतो. समुद्रकाठी स्वेदावरून बलार्ध ठरविणे फसवे आहे. श्वासावरच भर द्यावा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम श्रमाची खूण रुग्णास चटकन समजते. मिनिटास सुमारे शंभर पावले ही त्याच्या जवळपास जाणारी गती. आणखी एक गोष्ट म्हणजे बलार्ध हे व्यक्तिगणिक भिन्न असते. ज्वरातून उठलेल्या सत्तरीच्या रुग्णास अंगणातील दहा फेऱ्या हाच व्यायाम. रोज सहा किलोमीटर सहज चालणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थास तेवढे चालणे केवळ चंक्रमण. आठ वर्षे एकाच गतीने एकच रस्ता चालणाऱ्या आमच्या रुग्णाचा व्यायाम केव्हा चंक्रमणात उतरला, हे त्यांना कळले नाही आणि आम्हांसही नाही.

काही ज्येष्ठ वैद्य येथे आक्षेप घेतील की वृद्धांस व्यायाम शास्त्राने वर्ज्य सांगितला आहे. मग त्यांच्याकडून बैठका कशा करून घ्यावयाच्या? आक्षेप रास्त आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे तेथे निषेध आहे तो वातप्रकोप करणाऱ्या श्रमाचा. सिंहाने गजास ओढावे तसा अतिव्यायाम करणारा नष्ट होतो, असे वाग्भटाचार्य सांगतात. आधार धरून, श्वास न कोंडता, थकव्यापूर्वी थांबून केलेली हालचाल या निषेधात येऊ नये. यावर मतभेद असणाऱ्यांनी या नियतकालिकात अवश्य लिहावे.

आम्ही आता औषधपत्रावर चालण्याच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहितो. खुर्चीवरून हात न लावता उठ-बस आठ ते दहा वेळा, भिंतीस हात टेकून जोर तितकेच, कठडा धरून टाचा उचलणे; थोडी विश्रांती घेऊन हाच क्रम पुन्हा एकदा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी घरोघरी पोहोचविलेला सूर्यनमस्कार ज्यांना झेपतो त्यांनी तो अवश्य घालावा. साधन लागत नाही आणि जागाही पुरुषभरच लागते. रक्तदाब अनियंत्रित असणारे, अंत्रवृद्धीचे, दृष्टिपटलात रक्तस्राव झालेले व अलीकडे हृद्विकार होऊन गेलेले यांना मात्र तपासणीवाचून काहीही सुरू करू देऊ नये. व्यायामानंतर अंग मर्दन करावे असे शास्त्र सांगते. संधिशूल असणाऱ्यास त्या दिवशी तैलाभ्यंग अवश्य सुचवावा.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी. "रोज चालतो तरी वजन हलत नाही, एखादा गुग्गुळ द्या" असे म्हणणारा ग्राहक दुकानात नित्य येतो. मेदोहर कल्प हाती देण्यापूर्वी तो किती वेगाने चालतो आणि घरी परतताना कोठे थांबून काय खातो, एवढे विचारावे. दुसरी गोष्ट गंभीर आहे. ग्लिमेपिराइडसारखी आधुनिक गोळी घेणारे काही मधुमेही पहाटे उपाशीपोटी तासभर चालतात, आणि जोडीला मधुमेहनाशक चूर्णही स्वतःच्या मनाने सुरू करतात. कंप, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही शर्करा उतरल्याची लक्षणे होत. अशांना खिशात साखर ठेवावयास सांगावे आणि चूर्ण देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. त्यांच्यासाठी जेवणानंतरची शतपावली अधिक निर्धोक. तीनही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालल्याने वृद्धांची रक्तशर्करा सुधारते असे २०१३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात दिसले आहे.

मढच्या त्या गृहस्थांचे मनगट सांधले आहे. चालणे त्यांनी सोडलेले नाही, मात्र एरंगळपासून परत फिरतात आणि वाचलेला वेळ घरच्या ओट्यावर उठ-बस करण्यात घालवितात. चार महिन्यांनंतर पाच वेळा उठावयास त्यांना तेरा सेकंद लागले. वर्षा ऋतूत बल मुळातच उणे असल्याने आम्ही संख्या निम्मी केली आहे. हेमंतात ती पुन्हा वाढवू.